पाऊण तासाची मैफल

पत्र असं आहे:

‘मी २३ वर्षांची, मूळची पुण्याची. गेली दोन वर्षं लंडनमध्ये क्लासिकल गिटारचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय. नोव्हेंबरात इथल्या एका जुन्या चर्चमध्ये दुपारी एक वाजता माझं एकटीचं वादन आहे. वेळ ४५ मिनिटं, प्रवेश मोफत, मला मानधन नाही. बाखचं प्रिल्यूड-फ्यूग-अलेग्रो, सोरची मोझार्टच्या धूनवरची व्हेरिएशन्स (एकाच धूनची बदलती रूपं), बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराचं नॉक्टर्नल आणि बारिओसचं ला कातेद्राल असं वाजवायचं ठरवलंय. पण गेल्या वर्षी परीक्षेत बाखच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून आळीपाळीने वेगवेगळ्या आवाजांत येत राहते त्या भागात, मी मध्येच कोरी झाले. हात थांबले, पुढचं काही आठवेना. तेव्हापासून त्या जागेशी आले की पोटात गोळा येतो. त्यात आई-बाबा नेमके त्याच आठवड्यात येतायत. आई म्हणते, आपलं काहीतरी वाजव, एखादा राग. बाबा म्हणतात, फुकट कशाला वाजवायचं? सर म्हणतात, ब्रिटन हवंच. आणि परवा अनामिकेचं नख तुटलं. रद्द करावं का?
– गिटारवाली, लंडन’

प्रिय गिटारवाली,

रद्द करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

आता तुझ्या कार्यक्रमाची बेरीज करू. बाख साडेबारा मिनिटं, सोर नऊ, ब्रिटन अठराच्या पुढे, बारिओस सात. झाली सत्तेचाळीस. त्यात टाळ्या नाहीत, गिटार लावणं नाही, दोन शब्द बोलणं नाही, पायाखालचा स्टूल सरकवणंही नाही. ४५ मिनिटांच्या वेळेत ३५ मिनिटांचं संगीत बसतं, फार तर ३७. बाकीची मिनिटं कुठे जातात ते वाजवणाऱ्याला कळत नाही, पण जातात. परीक्षेसाठी बसवलेला कार्यक्रम तू जसाच्या तसा उचलून चर्चमध्ये ठेवला आहेस. परीक्षेत समोरचे तीन लोक तुला काय काय येतं ते बघायला बसलेले असतात. दुपारी एकला येणारा माणूस हापिसातून जेवणाच्या सुट्टीत उठून आलेला असतो. त्याच्या कोटाच्या खिशात सँडविच असतं आणि दोन वाजता त्याला परत खुर्चीत बसायचं असतं. तो तुझी परीक्षा घेत नाहीये. त्याला पाऊण तास दुसरीकडे जायचंय, एवढंच.

या दुपारच्या मैफलींची लंडनमधली कुळकथा तुला ठाऊक असेल, तरी सांगते, कारण आई-बाबांना ट्रॅफल्गर चौकात नेशीलच. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं, काळोखाचा हुकूम निघाला आणि संध्याकाळच्या मैफली बंद पडल्या. त्या चौकातल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने बाहेरगावी हलवलेली, भिंती रिकाम्या. मायरा हेस या पियानोवादक बाईंनी तिथे भरदुपारी मैफली सुरू केल्या. पहिली १० ऑक्टोबर १९३९ ला, स्वतः त्यांचीच. तिकीट एक शिलिंग, मंत्र्याला तेच आणि टायपिस्ट मुलीलाही तेच. शेजारी सँडविचचं काउंटर. बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर मैफली खाली तळघरात गेल्या, पण सोमवार ते शुक्रवारचा नेम चुकला नाही. एप्रिल १९४६ मध्ये त्या थांबल्या तेव्हा एकूण १,६९८ मैफली झाल्या होत्या. बाबांना हे चित्रांच्या त्या दालनात उभं करून सांग. फुकट की विकत या प्रश्नाचा निम्मा जोर तिथेच जाईल.

उरलेल्या निम्म्याचं बोलू. बाबांचं अगदीच चूक नाही. मानधन नसलं तरी विचारायचं तेवढं विचार: दाराशी जी टोपली (आणि हल्ली कार्ड टेकवायचं यंत्र) ठेवतात, त्यातला काही वाटा वादकाला मिळतो का, येण्याजाण्याचा खर्च देतात का, ध्वनिमुद्रण करू देतात का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. चांगल्या घुमणाऱ्या जागेतलं तुझ्या वादनाचं नीट मुद्रण पुढच्या चार ठिकाणी पाठवता येतं. आणि एका हंगामात अशी फुकटची दोन वादनं पुष्कळ झाली. तिसरं बोलावणं आलं की गोड बोलून पैशाचा विषय काढ.

आता ब्रिटन. तुझ्या सरांशी माझं भांडण नाही, नॉक्टर्नल मोठंच काम आहे. १९६३ मध्ये ज्युलियन ब्रीम या गिटारवादकासाठी लिहिलेलं, मागच्या शतकातल्या गिटारच्या संगीतात त्याच्या तोलाचं फार थोडं सापडेल. पण त्याची रचना आठव. आधी सगळ्या व्हेरिएशन्स येतात, अस्वस्थ, झोप न लागलेल्या माणसासारख्या, आणि डाउलंड या जुन्या इंग्रज संगीतकाराच्या ज्या गाण्यावर त्या उभ्या आहेत ते गाणं अगदी शेवटी उगवतं, हळू आवाजात. पावणेदोनला घड्याळाकडे बघत चार माणसं उठणार, बाक करकरणार, दार वाजणार, आणि नेमकं त्याच वेळी तुझं डाउलंड येणार. जे उठून गेले त्यांना कोडं मिळालं, उत्तर नाही. ते संध्याकाळसाठी ठेव, जिथे लोक कोट काढून बसतात. सरांना हेच कारण सांग. ‘जमत नाही’ म्हणू नकोस, कारण ते खरं नाही.

ब्रिटनच्या जागी साडेचार मिनिटांचं काहीतरी सुरुवातीला हवं. मी ब्राझीलच्या व्हिला-लोबोसचा पहिला प्रिल्यूड घेतला असता. १९४० चा, तुला येत असणारच, सगळ्यांना येतो आणि म्हणूनच हुशार विद्यार्थी तो टाळतात. त्याची मुख्य धून जाड तारांवर आहे, चेलोसारखी, संथ. दगडी चर्चमध्ये सूर तीन-तीन सेकंद रेंगाळतो. तिथे पहिल्याच मिनिटाला जलद सुरावट वाजवलीस तर सगळ्याचा काला होतो. जाड तारेवरची संथ धून मात्र त्या घुमण्यावर स्वार होते. शिवाय पहिल्या पाच मिनिटांत तुझे हात गार असतात, लोक अजून बसतायत, कुणाची तरी कागदी पिशवी चुरचुरतेय. तेवढ्यात तुला त्या जागेचा अंदाज येतो. आदल्या दिवशी जाता आलं तर जा, मधोमध उभी राहून एक टाळी वाजव आणि आवाज विरेपर्यंत मनात मोज. एवढं लक्षात ठेव, की माणसांनी आणि त्यांच्या लोकरी कोटांनी चर्च भरलं की घुमणं थोडं कमी होतं.

मग सोर. प्रस्तावना, धून, पाच व्हेरिएशन्स, शेवट. लोकांना आधी एवढं सांगून टाक, म्हणजे मध्ये टाळ्या वाजवायच्या की नाही या चिंतेने कुणी आखडून बसणार नाही. इंग्रज माणसाला टाळी चुकण्याची जेवढी भीती वाटते तेवढी तुला फ्यूगची वाटत नसेल. आणि तुझ्या बाबांनी एखाद्या जागेवर ‘वा’ म्हटलं तर म्हणू दे. डोळे वटारू नकोस. त्या चर्चने आजवर पुष्कळ आमेन ऐकले असतील, एक ‘वा’ त्याला जड नाही.

आता त्या फ्यूगकडे येऊ, कारण पत्रातली बाकीची सगळी भीती तिथूनच निघते.

तू ‘कोरी झाले’ असं लिहिलं आहेस. मला तसं वाटत नाही. तुला चकवा लागला. कोकणातल्या रानात माणसाला चकवा लागतो म्हणतात, चालून चालून तो पुन्हा त्याच झाडाशी येतो. हा फ्यूग तसलं रान आहे. पहिला भाग, मधला भाग आणि मग पहिला भाग पुन्हा, जवळजवळ तसाच. दोन जागी रस्ता सारखा दिसतो आणि वेगळीकडे वळतो. बोटांना पहिल्या वेळची वाट पाठ असते, दुसऱ्या वेळी ती त्याच वाटेने निघतात. मेंदू मध्येच ओरडतो, ‘अगं, इथून नाही!’ आणि त्या ओरडण्यानेच बोटं थांबतात. म्हणजे तुझी स्मरणशक्ती कच्ची नाही. तू फ्यूग बोटांनी पाठ केलास, पण पाट्या वाचून केला नाहीस.

तर आता पाट्या लाव. फ्यूगमध्ये आठ-नऊ ठिकाणं निवड, कुठे विषय खालच्या आवाजात येतो, कुठे मधला भाग सुरू होतो, कुठे परतीचा रस्ता. प्रत्येक ठिकाणापासून थेट सुरू करता आलं पाहिजे, मागून धावत न येता. कुणाला तरी आकडा पुकारायला सांग: ‘सहा!’ की सहापासून. ‘तीन!’ की तीनपासून. रोज दहा मिनिटं. मग शेवटच्या ठिकाणापासून शेवट, त्याआधीच्यापासून शेवट, असं मागे मागे ये, म्हणजे पुढे जाशील तसा रस्ता अधिकाधिक ओळखीचा होत जाईल. आणि गिटार हातात न घेता, बसमध्ये डोळे मिटून, डावा हात कुठल्या पडद्यावर आहे ते बघत एकदा पूर्ण फ्यूग मनात वाजव. जिथे चित्र धूसर होईल तिथेच चकवा बसलेला आहे.

एवढं करूनही स्टँडवर वही ठेव. हो, ठेव. पाठ वाजवलं नाही तर कमीपणा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवाल्यांनी आपल्या डोक्यात घातली. स्वियातोस्लाव रिख्तर हा केवढा पियानोवादक! त्याने १९८० च्या सुमाराला ठरवलं, यापुढे नोटेशन समोर ठेवूनच वाजवायचं. सभागृहात अंधार आणि फक्त कागदांवर एक छोटा दिवा. लोक तरीही जीव टाकून ऐकत होते. स्टँड मात्र खाली आणि जरा डावीकडे ठेव. गिटारचा आवाज आधीच नाजूक, तुझ्या आणि लोकांच्या मधोमध ती पत्र्याची पाटी नको. बाकीच्या तीन रचना पाठ वाजव.

तारेचंही एक सांगते, सरांनी सांगितलं असेलच. बाखसाठी सहावी तार खाली डी-वर आणणार, मग बारिओससाठी पुन्हा ई-वर नेणार. खाली आणलेली तार हळूहळू वर चढते, वर नेलेली हळूहळू उतरते. नायलॉनचा स्वभावच तो. म्हणून खाली आणताना डी-च्याही थोडी खाली ने, बोटाने हलकेच ओढ, मग वर डी-वर आण. आणि लावता लावता बोलू नकोस. आधी लोकांशी बोल, मग गप्प बसून लाव. शांततेत गिटार लावताना बघायला लोकांना आवडतं, आपल्याकडे तंबोरे लागताना बसतात तसे बसतात. पातळ तारा पाच-सहा दिवस आधी बदल, त्यांना ताणून स्थिर व्हायला वेळ लागतो. जाड तारा दोन-तीन दिवस आधी, त्यांची झळाळी लवकर जाते. नोव्हेंबरात बाहेर गारठा आणि आत हीटर, म्हणजे हवा कोरडी. गिटार आत नेल्यावर अर्धा तास पेटीतच बंद राहू दे. बिनहाताची खुर्ची मिळेल का, हेही आजच विचार. चर्चमधल्या जड लाकडी हातांच्या खुर्चीत गिटार घेऊन बसून दाखव म्हणावं कुणीतरी.

राग. आईचं मन मोडायचं नाही हे कळतं. आणि मोह होण्यासारखंच आहे. भरदुपार आहे, आपल्याकडे या वेळेला सारंग आहे, वृंदावनी सारंगाचे चार सूर त्या दगडांत घुमले तर काय बहार येईल! पण तुझ्या हातातली गिटार पडद्यांची आहे. नायलॉनची तार पडद्यावर दाबून आडवी ओढलीस तर जेमतेम अर्धा सूर सरकतो, आणि मिंडेशिवाय सारंग म्हणजे फक्त स्वरांची यादी. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर रागदारी उभी केली खरी, पण ती स्टीलच्या तारांवर, गिटार आडवी ठेवून, वर सळई सरकवत. ते वाद्य वेगळं, त्यामागची वर्षं वेगळी. तू ती साधना केलेली नाहीस. पोस्टकार्डावरच्या ताजमहालासारखा पाच मिनिटांचा राग वाजवलास तर इंग्रज खूश होतील, पण तुझ्या आईच्याच कानाला ते खटकेल. तिला म्हणावं, गाणं घरी, हॉटेलवर, रात्री, दोघी मिळून. दुपारी बाख ऐक.

आणि शेवटी ला कातेद्राल, म्हणजे कॅथीड्रल, मोठं चर्च. हे तू शेवटी ठेवलंस याबद्दल तुला पैकीच्या पैकी, मुद्दाम केलंस की आपोआप झालं ते माहीत नाही. बारिओसने ते १९२१ मध्ये लिहिलं तेव्हा त्यात दोनच भाग होते, सुरुवातीचा प्रिल्यूड त्याने १९३८ मध्ये जोडला. मधला भाग म्हणजे चर्चमधला ऑर्गन, ते भारदस्त, सावकाश स्वरसमूह. तिसरा भाग म्हणजे चर्चमधून बाहेर पडल्यावरचा रस्ता, गर्दी, लगबग, असा अर्थ लावायची रीत आहे. तुझे श्रोते दोनला दहा कमी असताना नेमकं हेच करणार आहेत, चर्चमधून उठून रस्त्यावर. वाजवण्याआधी हे दोन वाक्यांत सांग. जास्त नको. मग लोकच त्यात स्वतःला बघतील.

राहिलं नख. माझी पहिली दुपारची मैफल होती तेव्हा बसमधून उतरताना पिशवीच्या चेनमध्ये अडकून मधल्या बोटाचं नख अगदी बोटालगत तुटलं. वाजायला चाळीस मिनिटं बाकी. मी रस्त्यावरच्या खेळाच्या दुकानात शिरले आणि पिंगपाँगचा चेंडू घेतला. दुकानदाराने विचारलं, रॅकेट नको? म्हटलं, नको, कात्री आहे का? चेंडूचा नखाएवढा तुकडा, त्याला नखाचाच बाक असतो, सुपरग्लूने उरलेल्या नखाच्या पोटाशी चिकटवला आणि कानशीने घासून बाकीच्या नखांना जुळवला. आवाज अगदी तोच नाही, पण शेवटच्या बाकावरच्या माणसाला फरक कळला नाही. तुझ्याकडे महिना आहे, अनामिका निम्मी तरी वाढेल. तोवर चेंडूवर रियाज कर, म्हणजे ऐनवेळी बोट बिचकणार नाही. रोज रात्री अगदी बारीक पॉलिशपेपर फिरव, जाड कानस नको. भांडी घासताना हातमोजे. आणि वाजवण्याआधी हात गरम करायला गरम पाण्यात बुडवू नकोस, नखं मऊ पडतात. गरम पाण्याची रबरी पिशवी मांडीवर घेऊन बस. शनिवारी नखं कापू नयेत हा आईचा नियम या महिन्यात सातही वार पाळ.

आई-बाबांना पहिल्या रांगेत बसवू नकोस. चौथ्या-पाचव्या रांगेत, तुझ्या उजव्या हाताला. डाव्या हाताकडे तू सारखी बघणार, तिकडे आईचा चेहरा दिसला की संपलंच. शेवटच्या बाकावर कदाचित एखादा माणूस झोपलेला असेल, बाहेरच्या थंडीतून आत आलेला. त्याला कुणी उठवणार नाही, तूही मनाला लावून घेऊ नकोस. व्हिला-लोबोसच्या पहिल्या प्रिल्यूडवर एवढी छान झोप लागत असेल तर तुझं चांगलंच चाललंय असं समज.

कळव कसं झालं ते.

ता. क. वाजवायच्या दिवशी नखाला ग्लू लावलास तर नंतरची दहा मिनिटं कशालाही हात लावू नकोस. आईने पुढे केलेल्या डिंकाच्या लाडवालासुद्धा नाही. हे मी अनुभवाने सांगतेय, आणि तो लाडू शेवटी कानशीने सोडवावा लागला होता.